माशांना मीठ, आईला अळणी

माझ्या बाबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, टीडीएस मीटर असतं. दिसायला ते पेनासारखंच. टोपण काढायचं, टोक पाण्यात बुडवायचं, की त्या पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा वर उमटतो. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरच्या पाण्याचं खातं सांभाळायचे. बॉयलरला साधं पाणी चालत नाही. त्यातल्या क्षारांचा आतून पांढरा थर बसतो आणि हळूहळू सगळं कामातून जातं. पाण्यातून क्षार काढून टाकणं हा बाबांचा आयुष्यभराचा धंदा, आणि त्याच पगारावर मी शिकले. त्यामुळे त्यांच्या लेखी जगात पाणी दोनच प्रकारचं असतं, शुद्ध आणि शत्रू.

रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनाला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून भांडणं लावतात. बाबा पाणी मोजतात. एकदा बदलापूरला माझ्या सासरी ते आले होते. सासूबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तर बाबांनी आधी खिशातून पेन काढून त्यात बुडवलं. लेकीच्या घरचं पाणी न पिण्याची जुनी रीत असते, तिच्यावर हा काहीतरी तोडगा असावा असं सासूबाईंना वाटलं. बाबांनी आकडा वाचला, चेहरा पाडला आणि म्हणाले, "चालेल, एखाद्या वेळी." त्या 'एखाद्या वेळी'चा उद्धार मी अजून ऐकते आहे.

अशा माणसाशी संसार करायला बाई तशीच लागते. आई बोलते. म्हणजे सकाळी डोळा उघडल्यापासून बोलते. शिवमंदिराच्या रस्त्यावरचे भाजीवाले तिला लांबून ओळखतात आणि मेथीची जुडी आधीच सैल करून ठेवतात, कारण ती प्रत्येक जुडी उलगडून बघणार हे त्यांना ठाऊक आहे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण अजूनही आमच्या बिल्डिंगमध्ये येते, आणि माझा असा अंदाज आहे की ती धंद्यासाठी येत नाही, आईशी हुज्जत घालायला येते. एका स्टीलच्या पातेल्यावरून त्या दोघींचं सबंध दुपारभर चालतं. शेवटी पातेलंही मिळतं आणि बोहारीण चहा पिऊनही जाते.

ही आई गप्प झाली. ती गोष्ट सांगायला बसले आहे.

सुरुवात ब्लडप्रेशरने झाली. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करा म्हणाले, पाणी वेळेवर पीत जा म्हणाले. आईने ते एका कानाने ऐकलं. बाबांनी दोन्ही कानांनी ऐकलं आणि प्लांट हातात घेतल्यासारखं घर हातात घेतलं. आमटीतलं मीठ गेलं. लोणच्याची बरणी शेजाऱ्यांकडे गेली. पापड कुठे गेले ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. टीपॉयवर आरओच्या, म्हणजे क्षार गाळून टाकलेल्या पाण्याची मोठी बाटली आली आणि बाबांच्या मोबाइलमध्ये गजर लागले. गजर झाला की आईने पाणी प्यायचं. तहान लागलेली असो वा नसो.

आई सुरुवातीला भांडली, अगदी तिच्या लौकिकाला साजेसं भांडली. आमच्याकडे पान वाढताना सगळ्यात आधी मीठ वाढतात, वरच्या बाजूला, मधोमध. मग त्याच्या शेजारी लिंबाची फोड, मग बाकी सगळं. फक्त श्राद्धाच्या पानात मीठ वाढत नाहीत. बाबांनी डब्यातलं मीठही लपवलं तेव्हा आई त्या कोऱ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, मीठ न वाढलेलं पान पितरांचं असतं. मी अजून जिवंत आहे."

"जिवंत राहावीस म्हणूनच," बाबा म्हणाले.

त्यानंतर काही आठवड्यांत तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. मी उल्हासनगरच्या ज्युनियर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि बदलापूरला राहते, तेव्हा येता-जाता अंबरनाथला उतरून माहेरी डोकावणं चालू असतं. दार उघडल्याबरोबर माझ्या ओढणीपासून सासूबाईंच्या गुडघ्यांपर्यंत चौकशा करणारी आई आता "आलीस? बस" एवढंच म्हणायची. दिवाणावर पडून राहायची. बोहारीण आली तर "आज नको गं" म्हणाली. गप्प माणसाने तोंडात मिठाची गुळणी धरली असं आपण म्हणतो, आईच्या नशिबी तीही बिनमिठाची.

"वय झालं तिचं," शेजारच्या काकू म्हणाल्या. मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. बाबांना बाकी काही सुचलं नाही म्हणून त्यांनी मासे आणले.

बाबांचा विचार असा होता की घरात काहीतरी हलतं-फिरतं असलं की आईला बोलावंसं वाटेल. आम्ही दोघं शेअर रिक्षाने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गेलो. तिथे जीन्सच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत काढत एका गल्लीत माशांचं दुकान आहे. दुकानदार सिंधी, तोंडाने गोड. बाबांनी आत शिरल्याबरोबर पेन काढून एका टाकीत बुडवलं.

"साईं, ये क्या कर रहे हो? मछली को इंजेक्शन?"

"पाणी फार हार्ड आहे तुमचं," बाबा म्हणाले.

"अरे सेठ, पाणी हार्ड है, मछली सॉफ्ट है. ले जाओ, टेंशन मत लो."

आम्ही गोल्डफिश घेतले. दोन केशरी आणि एक काळा, बटबटीत डोळ्यांचा, गाल फुगवून फिरणारा. घरी आल्यावर त्या काळ्याकडे बघून आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू फुटलं. "हा तुमच्या प्लांट मॅनेजरसारखा दिसतो," ती बाबांना म्हणाली. त्याचं नाव मॅनेजर पडलं. दोन-चार दिवस ती खुर्ची ओढून टाकीसमोर बसायची आणि मॅनेजरला बारीक आवाजात टोमणे मारायची. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ऐकायचे आणि मला फोन करून सांगायचे, "आज बोलली हं. चांगली बोलली."

मग मासे मंदावले.

आधी खाणं कमी झालं. मग पंख अंगाला चिकटवून ते तळाशी बसायला लागले. आई पुन्हा दिवाणावर गेली. बाबा हादरले आणि हादरलेला इंजिनियर जे करतो ते त्यांनी केलं, साफसफाई वाढवली. रोज सगळं पाणी काढायचं, टाकी घासायची, नवं पाणी भरायचं. मधल्या काळात कॅम्प तीनच्या दुकानात दोन खेपा झाल्या. दुकानदाराने एकदा निळी बाटली दिली, एकदा पिवळी, आणि दोन्ही वेळा "मछली को टेंशन हो गया है" हेच निदान केलं. पिवळ्या बाटलीनंतर मॅनेजर गेला. सकाळी उलटा तरंगत होता. बाबांनी त्याला खाली कुंडीत पुरलं आणि वर येऊन आईला सांगितलं. आई "बरं" म्हणाली. मेलेल्या मॅनेजरवर तिला एक टोमणासुद्धा मारावासा वाटला नाही, याची मला खरोखरच भीती वाटली.

तो रविवार होता. मी सकाळीच अंबरनाथला गेले. आई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाबा टाकीसमोर उकिडवे बसले होते, हातात पेन.

"पाणी कुठलं घालता तुम्ही?" मी विचारलं.

"कुठलं म्हणजे? आरओचं. नळाच्या पाण्यात क्लोरिन, बोअरचं पाणी तर विचारूच नकोस, बादलीवर पांढरे डाग पडतात. मी माझ्या माशांना असलं घालीन?" त्यांनी पेन बुडवून आकडा मला दाखवला. "हे बघ. जवळजवळ काही नाही. बॉयलरला चालेल असं पाणी आहे."

"बाबा, मासा बॉयलर नाही!"

मी एवढ्या जोरात ओरडले की आईनेही मान वळवली. मग मी तिथेच फरशीवर बसले आणि बाबांना माशाचा प्लांट समजावला. वर्गात मी हे फळ्यावर बाण काढून शिकवते, पोरं ते तसंच उतरवून घेतात आणि परीक्षेत बाण उलटे काढतात. बाबांनी मात्र मध्ये मध्ये प्रश्न विचारले.

"माशाचं रक्त खारट असतं, आपल्यासारखंच," मी म्हणाले. "आणि भोवतीचं पाणी गोडं. कल्ल्यांची कातडी अगदी पातळ, श्वास घ्यायला तशीच लागते. तिच्यातून बाहेरचं पाणी सारखं आत घुसतं आणि आतलं मीठ सारखं बाहेर झिरपतं. दिवसरात्र."

"लीकेज."

"लीकेज. म्हणून नदीतला मासा सहसा पाणी पीतच नाही. न पिता येतंय तेच त्याला जड होतं. त्याची मूत्रपिंडं नुसतं पातळ पाणी बाहेर फेकत असतात, पंपासारखी."

"आणि गेलेलं मीठ?"

"ते कल्लेच परत आणतात. कल्ल्यांत खास पेशी असतात. पाण्यात कणभर मीठ असलं तरी त्या ते पकडून आत ओढतात. त्याला ताकद लागते, आणि बदल्यात शरीरातला टाकाऊ माल बाहेर देतात. आई नाही का, जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून पातेलं घेते? तसं. थोडं मीठ खाण्यातूनही मिळतं, पण खरी भिस्त या देवघेवीवर."

बाबा विचार करायला लागले. क्षार ओढून घ्यायचे आणि त्यांच्या जागी दुसरं काही सोडायचं, हे त्यांच्या प्लांटमध्येही चालायचं, त्यामुळे त्यांना ते लगेच कळलं. फक्त तिथे ते क्षार फेकून द्यायचे आणि इथे मासा ते जिवापाड सांभाळतो.

"आणि कॅल्शियम?" त्यांनी जरा घाबरतच विचारलं. कॅल्शियम हा त्यांचा जन्माचा वैरी, बॉयलरमध्ये थर बसवणारा.

"कॅल्शियम असलं की कल्ल्यांची गळती कमी होते. म्हणजे बोअरचं पाणी तुम्ही बाथरूममध्ये घालवलंत आणि माशांना तुमचं हे कोरं पाणी दिलंत. बोहारीण दारात उभी आहे, पण तिच्या टोपलीत एक वाटीसुद्धा नाही. मग घेणार काय? नुसती गळती चालू. आणि जरा कुठे काही साठलं की तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळं पाणी बदलणार."

बाबांनी पुन्हा आकडा बघितला. "जवळजवळ काही नाही," ते पुटपुटले. हेच शब्द त्यांनी थोड्या वेळापूर्वी छाती फुगवून म्हटले होते. "मग काय, मीठ घालू?"

"थोडं बोअरचं पाणी मिसळायचं, हळूहळू. आणि चिमूटभर जाडं मीठ."

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. बारीक, ओढल्यासारखा, शब्द एकेक करून उचलून ठेवल्यासारखे.

"म्हणजे माशांना मीठ... आणि मला अळणी?"

आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी आई काहीतरी तिच्यासारखं बोलली होती, हसायलाच हवं होतं. त्याच वेळी बाबांच्या मोबाइलचा गजर झाला. आईने न बघता टीपॉयवरच्या बाटलीकडे हात नेला, अगदी शहाण्या मुलीसारखा. टोपण तिला फिरवता येईना.

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी टाकीकडे बघितलं, मग बाटलीकडे, मग आईकडे.

"पाण्याच्या एकाच लाइनवरच्या दोन मशिन एकदम मंदावल्या," ते सावकाश म्हणाले, "तर मशिन खोलून बघायची नसते. लाइन बघायची असते."

त्यांनी आईच्या हातातून बाटली काढून घेतली.

"बाबा, माणूस पाण्यातून मीठ घेत नाही," मी म्हणाले. तोंडात शिक्षिका होती, ती लगेच बंद होत नाही. "आरओचं पाणी काही वाईट नसतं. माणसाचं मीठ ताटातून..."

ताटातलं मीठ कोणी काढलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. वरून गजरावर प्यायलेलं पाणी. मासा निदान पाणी पीत तरी नाही.

बाबा चपला घालून दारात उभेसुद्धा राहिले होते. "रिक्षा बोलाव. शेअर नको, पूर्ण."

रक्त तपासल्यावर सोडियम बरंच खाली गेलेलं निघालं. डॉक्टरांनी आईला दाखल करून घेतलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "मी मीठ कमी करा म्हटलं होतं हो. बंद करा नव्हतो म्हणालो." गोळीचाही त्यात हातभार होता, ती त्यांनी बदलली. पाणी मोजून द्यायला सांगितलं. आता घाबरून एकदम मीठही खायला घालू नका, सोडियम सावकाशच वर यायला हवं, असंही बजावलं. अति तिथे माती, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, बाबा ते दुसऱ्यांना नेहमी ऐकवतात.

आईला सलाइन लावली तेव्हा बाबांनी नर्सला विचारलं, "सिस्टर, याचा टीडीएस किती असतो?" नर्सने त्यांच्याकडे असं बघितलं की मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांचा आव गळून पडला.

"ती भांडायची बंद झाली ना," ते म्हणाले, "तर मला आधी बरं वाटलं होतं गं. म्हटलं, चला, घरात शांतता झाली." मग बराच वेळ ते खिशातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. "ती विझत होती आणि मी पाणी मोजत होतो."

मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला. ती जाईल की काय असं मला त्या बाकावर पहिल्यांदाच स्पष्ट वाटलं, आणि बाबांनाही तेच वाटत होतं हे त्यांच्या हातावरून कळत होतं.

आई गेली नाही. ती हळूहळू वर आली. पहिल्या दिवशी नुसते डोळे उघडे ठेवून पडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईला, तुमच्या सुनेने आणलेली खिचडी करपलेली दिसते, असं म्हणाली. मी बाबांना फोन करून सांगितलं, "आज बोलली हं. चांगली बोलली." फोनवर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "सर्दी आहे," ते म्हणाले.

मधल्या वेळात घरी मासेही सावरत होते. बाबा रोज टाकीतलं थोडंसं पाणी काढायचे आणि बादलीत रात्रभर ठेवलेलं बोअरचं पाणी तेवढंच घालायचे. जाड्या मिठाचे खडे चिमटीत धरून ते टाकीवर असे उभे राहायचे की बघणाऱ्याला वाटावं, देवाला अक्षता वाहतायत. पेन बुडवून आकडा वाचायचे आणि ओरडायचे, "चढला!" आयुष्यभर जो आकडा खाली आणण्याचा पगार घेतला, तो वर चढला म्हणून माझे वडील स्वतःशीच टाळी वाजवताना मी बघितले आहेत. केशरी जोडी आधी तळ सोडून मध्यावर आली, मग एके सकाळी वर येऊन तोंड वासून खायला मागायला लागली. मॅनेजरची जागा मात्र रिकामीच ठेवली आहे. प्रमोशन कोणालाही दिलेलं नाही.

आईला घरी आणलं त्या दिवशी स्वयंपाक मी केला होता. मी वाढायला उठले तर बाबांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. जन्मात त्यांनी कधी पान वाढलेलं नाही. त्यांनी आईचं ताट घेतलं, पुसलं, पुन्हा पुसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच मीठ त्यांनी आधीच एका वाटीत काढून ठेवलं होतं. त्यातलं चिमूटभर दोन बोटांत घेतलं आणि ताटात वरच्या बाजूला, मधोमध, अगदी हलक्या हाताने ठेवलं. मग वरण-भात वाढला, भाजी वाढली, कोशिंबीर वाढली ती भाजीच्या जागी, आणि ताट आईसमोर ठेवून ते तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे उभे राहिले.

आई त्या मिठाकडे बघत राहिली. आम्हीही बघत राहिलो.

"लिंबू कुठाय?" आई म्हणाली. आवाज तिचा होता, पूर्ण होता. "मीठ वाढलं की शेजारी लिंबू लागतं, एवढंही कळत नाही? आणि ही कोशिंबीर कोणी इकडे वाढली? चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलात, ताटात काय कुठे असतं ते कधी बघितलंत का?"

"आणतो, आणतो," म्हणत बाबा स्वयंपाकघरात पळाले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, पण बंद केल्याचा येईना. मी उठून बघितलं. बाबा उघड्या फ्रिजसमोर आमच्याकडे पाठ करून उभे होते, एक हात दारावर, एक डोळ्यांवर. लिंबू दाराच्या कप्प्यात समोरच होतं.